हँडब्रेक पकडत नसेल तर केबल आवळण्यापूर्वी

जुन्या गाडीचा हँडब्रेक पूर्वीपेक्षा तीन-चार खटके अधिक वर येऊ लागला आणि तरीही उतारावर गाडी हळूहळू सरकू लागली, की बहुतेकांचा हात आधी लिव्हरच्या बुडाशी असलेल्या नटाकडे जातो. तो नट चार फेरे आवळला की लिव्हर पुन्हा लवकर घट्ट लागतो आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात दोष बहुधा केबलमध्ये नसतो, तो चाकाजवळ असतो. केबल आवळून तो फक्त झाकला जातो आणि काही महिन्यांनी अधिक बिघडलेल्या अवस्थेत समोर येतो. म्हणून या दुरुस्तीत चाकापासून सुरुवात करून लिव्हरपाशी शेवट करावा. उलट क्रमाने केलेले काम क्वचितच टिकते.

येथे विचार केला आहे तो मागच्या चाकांवर केबलने चालणाऱ्या हँडब्रेकचा. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक पुढच्या चाकांवर असतो. साब ९९ आणि जुनी साब ९०० ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. तेथे तत्त्व तेच राहते, पण कोणती चाके उचलायची आणि पाचर कोणत्या चाकांना लावायची हे उलटे होते.

लिव्हर ओढला की त्याच्या बुडाशी असलेली खिट्टी दातेरी पट्टीवरून सरकत जाते आणि प्रत्येक दातावर एक खटका ऐकू येतो. लिव्हरला जोडलेली दांडी किंवा मुख्य केबल गाडीखाली इक्वलायझर नावाच्या लहान जोडपट्टीला ओढते. ही जोडपट्टी मिळालेला ताण डाव्या आणि उजव्या केबलमध्ये सारखा वाटून देते. ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या वाटीसारख्या भांड्याच्या, आत केबलचे टोक एका लहान लिव्हरला अडकवलेले असते आणि हा लिव्हर मागच्या शूवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या दोन अर्धगोल पट्ट्यांपैकी मागच्या पट्टीवर, बसवलेला असतो. तो ओढला गेला की मधल्या आडपट्टीच्या आधाराने दोन्ही शू एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि ड्रमला आतून टेकतात. यात तेलाच्या दाबाचा काहीही संबंध नाही, त्यामुळे पायाचा ब्रेक उत्तम लागत असतानाही हँडब्रेक कुचकामी असू शकतो.

या यंत्रणेकडून किती कामाची अपेक्षा असते, तेही पाहू. प्रवासी मोटारींच्या ब्रेकसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमानुसार पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर किंवा उतारावर, म्हणजे सुमारे ११ अंशांच्या कलावर, हँडब्रेकने जागच्या जागी उभी राहिली पाहिजे आणि हाताने ओढायच्या लिव्हरला त्यासाठी ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलो वजनाइतक्या बळापेक्षा, अधिक ओढ लागता कामा नये. एक टन वजनाच्या गाडीला अशा कलावर खाली खेचणारे बळ सुमारे २०० किलो वजनाइतके असते. टायरची त्रिज्या ड्रमच्या त्रिज्येच्या अडीच-तीन पट असल्याने ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर त्याच प्रमाणात अधिक घर्षण निर्माण व्हावे लागते. हाताची ओढ इतकी वाढवण्याचे काम तरफा करतात, आणि तरफ योग्य कोनातून सुरू झाली तरच तिचा पूर्ण लाभ मिळतो. केबल वाजवीपेक्षा अधिक आवळली की ड्रममधला लहान लिव्हर विश्रांतीच्या जागी परततच नाही. तो आधीच अर्धा फिरलेला असतो, त्याची पुढची हालचाल कमी उरते आणि शू झिजेल तसे अंतर आपोआप भरून काढणारी ॲडजस्टरची रचनाही नीट काम करीत नाही, कारण तिला शू पूर्ण मिटलेले सापडत नाहीत. वरून लिव्हर घट्ट लागतो, पण पकड मात्र येत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

लक्षणांवरून दोषाचा अंदाज

पाना हाती घेण्यापूर्वी गाडीकडून जेवढी माहिती मिळेल तेवढी घ्यावी. सपाट जागी लिव्हर सावकाश ओढून खटके मोजावेत. पुष्कळ गाड्यांत चार ते सात खटक्यांत पूर्ण पकड यावी अशी अपेक्षा असते, मात्र नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावा. खटके पुष्कळ होत असतील आणि शेवटी मात्र गाडी थांबत असेल, तर शू आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढले आहे किंवा केबल ताणून लांबली आहे. खटके कमी, लिव्हर दगडासारखा घट्ट आणि तरीही गाडी सरकते, असे असेल तर दोन शक्यता राहतात: लायनरवर, म्हणजे शूवरच्या घर्षण करणाऱ्या थरावर, तेल किंवा ग्रीस गेले आहे अथवा तो काचेसारखा गुळगुळीत झाला आहे, किंवा केबल तिच्या आवरणात गंजून अडकली आहे आणि आपली सगळी ओढ त्या गंजाशी झगडण्यातच खर्च होत आहे. लिव्हर काहीही विरोध न करता वर येत असेल तर केबल तुटली किंवा कुठेतरी निसटली आहे. लिव्हर वर राहतच नसेल, खिट्टी घसरून तो खाली पडत असेल, तर दोष दातेरी पट्टीत आहे आणि ब्रेक उघडण्याची गरज नाही.

पायाच्या ब्रेकचाही येथे उपयोग होतो. पेडल पहिल्यांदा दाबल्यावर खोल जात असेल आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर लागत असेल, तर मागचे शू ड्रमपासून दूर गेले असण्याची दाट शक्यता असते. तेलात हवा असतानाही असेच घडू शकते, परंतु हवा असेल तर पेडल बहुधा लिबलिबीत लागते. पेडल खोल आणि हँडब्रेकही उंच, ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर केबलकडे तूर्त पाहूच नये.

उतारावरची चाचणी दोन्ही दिशांना करावी, कारण गाडीचे तोंड खाली असताना मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि टायरची जमिनीवरची पकडही घटते. चढाकडे तोंड करून उभी राहणारी गाडी उताराकडे तोंड केल्यावर सरकू लागली, तर चाके फिरत आहेत की अडकलेलीच घसरत आहेत हे बाहेरून कुणालातरी पाहायला सांगावे. चाके अडकून घसरत असतील तर हँडब्रेकने आपले काम केले आहे आणि पुढचा प्रश्न टायरचा व रस्त्याचा आहे. ही चाचणी करताना पाय ब्रेकच्या पेडलवरून हलवू नये आणि पुढे मोकळी जागा असावी, एवढे सांगणे पुरेसे आहे.

गाडी उचलताना

हँडब्रेक निकामी असलेली गाडी जॅकवर चढवणे हीच या कामातली सर्वांत धोक्याची पायरी आहे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचर लावावी. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवता येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र चाक हाताने फिरवण्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे तेथे सगळा भरवसा पाचरांवरच असतो. मागचा भाग उचलल्यावर तो स्टँडवर ठेवावा. नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखाली हातही घालू नये. चाकांचे नट अर्धवट सैल करण्याचे काम चाके जमिनीवर असतानाच उरकावे.

चाके हवेत आल्यावर हँडब्रेक पूर्ण सोडून प्रत्येक चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे. मग सहकाऱ्याने लिव्हर एकेक खटका वर घ्यावा आणि प्रत्येक खटक्याला दोन्ही चाके फिरवून पाहावीत. पाचव्या खटक्याला डावे चाक घट्ट आणि उजवे अजून सहज फिरते, असे दिसले तर दोष एका बाजूला आहे हे निश्चित होते आणि अर्धे काम वाचते. याच वेळी गाडीखालून इक्वलायझरकडे पाहावे. तो ओढताना तिरका होऊन तसाच राहत असेल तर त्याची खीळ गंजली आहे किंवा ज्या बाजूची केबल हलत नाही ती जाम आहे. लिव्हर सोडल्यावर दोन्ही केबल लगेच मागे सरकल्या पाहिजेत. आवरणातून बाहेर पडणाऱ्या तारेवर खडूची खूण केली तर ती किती सरकते आणि कितपत परत येते हे डोळ्यांनी दिसते. हा प्रयोग अगदी साधा आहे, तरी अनेक अनुभवी कारागीरही तो करीत नाहीत याचे आश्चर्य वाटते.

ड्रम उघडल्यावर

ड्रम काढण्यापूर्वी केबल पूर्ण सैल करावी. जुन्या गाडीत ड्रमच्या आतल्या कडेला झीज न झालेली एक कंगोरी उरलेली असते आणि तिला शू अडकतात. त्यामुळे ड्रम निघत नसेल तर ड्रममागच्या स्थिर पत्र्यातील किंवा ड्रममधील छिद्रातून पेचकसाने ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्यावे लागतात. ड्रमवर आटे पाडलेली दोन छिद्रे असतील तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळल्यास ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्याचे जोरदार घाव कडेवर घातले तर बिडाचा ड्रम तडकू शकतो.

आतील धूळ फुंकू नये आणि हवेच्या दाबानेही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करते. नाकावर योग्य मास्क लावून ब्रेक क्लीनरने धूळ ओली करावी, मग पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकून द्यावे. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगांची जागा विसरल्यास दुसऱ्या बाजूकडे पाहता येते. दोन्ही बाजूंची रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी असते हे मात्र लक्षात ठेवावे. ॲडजस्टरचे आटे एका बाजूला डावे आणि दुसऱ्या बाजूला उजवे असतात. त्यांची अदलाबदल झाली तर शू दूर जाण्याऐवजी हळूहळू आत मिटत जातात आणि नव्या सामानानंतरही हँडब्रेक दिवसेंदिवस उंच येऊ लागतो.

आता पाहण्याच्या गोष्टी. लायनरची जाडी पुस्तिकेतील किमान मर्यादेपेक्षा कमी नसावी. चिकटवलेल्या लायनरसाठी ही मर्यादा बऱ्याच गाड्यांत १.५ मिलिमीटरच्या आसपास असते. रिव्हेट मारलेल्या लायनरमध्ये रिव्हेटच्या डोक्यावर किती जाडी उरली आहे ते पाहावे. ड्रमवर कमाल अंतर्गत व्यास बहुधा कोरलेला किंवा ओतलेला असतो. त्याहून मोठा झालेला ड्रम बदलावा लागतो. लायनर ड्रमला सर्व लांबीवर टेकत होता की फक्त दोन्ही टोकांना, हे त्यावरील चमकेवरून कळते. झिजून मोठ्या झालेल्या ड्रममध्ये नवे शू बसवले तर ते सुरुवातीला मध्यभागीच टेकतात. अशा वेळी पकड कमी वाटते आणि लोक पुन्हा केबलच्या नटाकडे वळतात.

लायनर ओला असेल तर ओल कशाची आहे हे ओळखावे. व्हील सिलिंडरच्या, म्हणजे पायाच्या ब्रेकने शू ढकलणाऱ्या लहान सिलिंडरच्या, रबरी टोपीची कड हलकेच उचलली असता आतून ब्रेक ऑइल ओघळले तर सिलिंडर गळत आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओल जड, काळसर आणि उग्र गंधकी वासाची असेल तर ॲक्सलचे सील गेले आहे आणि ते गिअर ऑइल आहे. दोन्ही प्रसंगी गळती आधी थांबवावी आणि लायनर टाकून द्यावा. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुवून किंवा तापवून पुन्हा वापरण्याची पद्धत प्रचलित असली तरी ती विश्वासार्ह नाही, कारण आत मुरलेले तेल ब्रेक तापल्यावर पुन्हा वर येते. केवळ वरून गुळगुळीत झालेला, पण कोरडा आणि पुरेसा जाड लायनर मात्र खरबरीत पॉलिश कागदाने हलकासा घासून वापरता येतो. तेव्हाही धूळ ओलीच असावी.

पुष्कळदा लायनर उत्तम असतो आणि खरा दोष ॲडजस्टरमध्ये निघतो. त्याचे दातेरी चाक गंजून बसलेले असते किंवा ते फिरवणाऱ्या पट्टीचे टोक झिजून गोल झालेले असते. आटे सोडवून, तारेच्या ब्रशने साफ करून, उच्च तापमानाचे ग्रीस अगदी थोडे लावल्यावर ते बोटांनी सहज फिरले पाहिजे. ड्रममधल्या हँडब्रेकच्या लहान लिव्हरची खीळही अशीच तपासावी. तो लिव्हर मागे येऊन शूच्या कडेवरील थांब्याला टेकला पाहिजे. ही या संपूर्ण दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाची खूण आहे. मागच्या पत्र्यावर शू ज्या उंचवट्यांवर सरकतात तेथे खाचा पडल्या असतील तर शू अडकतात, म्हणून त्या जागी ग्रीसचा पातळ थर द्यावा. लायनरला ग्रीसचा हात लागू देऊ नये.

शू बदलायचे ठरले तर दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. स्प्रिंगा ताण हरवून बसलेल्या असतात, त्यामुळे त्याही सोबत नव्या घेणे हिताचे ठरते.

मागे डिस्क असतील तर

मागे डिस्क असलेल्या गाड्यांत दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात डिस्कच्या टोपीत लहान ड्रम आणि शू असतात, जे केवळ हँडब्रेकसाठी असतात. चालत्या गाडीत ते वापरले जात नसल्याने झिजत फार नाहीत, पण गंजतात आणि त्यांचे लायनर कधीकधी सुटून पडतात. त्यांचे ॲडजस्टर बहुतेक ठिकाणी हातानेच फिरवावे लागते. दुसऱ्या प्रकारात कॅलिपरलाच, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये दाबणाऱ्या चिमट्यालाच, एक लिव्हर असतो आणि तो आतील स्क्रूच्या साहाय्याने पिस्टन पुढे ढकलतो. केबल सोडल्यावर हा लिव्हर हाताने हलवून पाहावा. तो जड असेल किंवा थांब्यापर्यंत परत येत नसेल तर कॅलिपरमधील खीळ गंजली आहे आणि कॅलिपर दुरुस्त करावा किंवा बदलावा लागतो. नवे पॅड बसवताना हा पिस्टन दाबून आत जात नाही, तर योग्य अवजाराने फिरवून न्यावा लागतो. शिकंजात दाबल्यास आतील यंत्रणा मोडते. पॅड बसल्यावर पेडल अनेकदा दाबून पिस्टन जागेवर आणावा आणि तोपर्यंत हँडब्रेक ओढू नये.

डिस्कचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा. लांबच्या उतारानंतर तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक लावला तर डिस्क थंड होऊन आकसते आणि पकड सैल होते. लावताना घट्ट वाटलेली गाडी काही वेळाने सरकण्याचे हे एक कारण असते. अशा गाडीत थोड्या वेळाने एक-दोन खटके पुन्हा ओढावेत आणि गिअर अडकवून ठेवावा.

केबल

केबलचे आवरण कुठे फाटले, चिमटले किंवा सायलेन्सरच्या पाइपाजवळ वितळले आहे का, हे पूर्ण लांबीभर हात फिरवून पाहावे. फाटलेल्या जागेतून पाणी शिरते आणि गंज आत वाढतो. जाम केबलमध्ये तेल सोडून ती काही दिवस चालवता येते, पण तो तात्पुरता उपाय आहे, आणि आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलमध्ये तर खनिज तेल सोडूच नये. एकही धागा तुटलेली तार बदलावी. नवी केबल जुनीच्याच मार्गाने, त्याच क्लिपांमधून न्यावी आणि चाक वर-खाली होताना ती ताणली जात नाही याची खात्री करावी.

जुळवणी

सर्व भाग जागेवर बसल्यावर केबल अजून सैलच ठेवावी. ड्रम चढवून पेडल आठ-दहा वेळा जोराने दाबावे, म्हणजे शू मध्यभागी येतात. मग ॲडजस्टर फिरवत चाक घासू लागेपर्यंत शू बाहेर आणावेत आणि ते मोकळे फिरेपर्यंत पुन्हा थोडे मागे घ्यावेत. मध्येच पेडल दाबून ही क्रिया पुन्हा करावी, कारण शू एकदा जागेवरून हलले की अंतर बदलते. अगदी हलका, एकसारखा घासण्याचा आवाज चालतो. फेरीत एकाच जागी अडखळणारे चाक मात्र ड्रम अंडाकृती झाल्याचे सांगते.

त्यानंतरच केबलचा नट हाती घ्यावा. लिव्हर पूर्ण खाली असताना केबलमध्ये किंचित ढील असली पाहिजे. पहिल्या-दुसऱ्या खटक्याला चाके जड होऊ लागावीत, पुस्तिकेत दिलेल्या खटक्याला ती हाताने अजिबात फिरू नयेत आणि लिव्हर सोडताच दोन्ही मोकळी व्हावीत. नट आटे संपेपर्यंत आवळावा लागत असेल तर थांबावे: एकतर केबल ताणून लांबलेली आहे किंवा ड्रमच्या आत काहीतरी अजून चुकीचे आहे. शेवटी लॉकनट घट्ट करावा आणि गाडी खाली घेऊन चाकांचे नट ठरलेल्या बळाने आवळावेत.

खिट्टी किंवा दातेरी पट्टी झिजलेली आढळली असेल तर दात कानशीने घासून धारदार करण्याचा मोह टाळावा. कडक केलेला वरचा थर निघून गेला की मऊ धातू फार लवकर झिजतो, आणि उभी गाडी रात्री आपोआप सुटणे कोणालाच परवडणारे नाही. हा भाग बदलावाच.

नवे शू बसवल्यावर पूर्ण पकड यायला थोडा प्रवास लागतो. साध्या ड्रममध्ये ते पायाच्या ब्रेकने आपोआप बसत जातात. डिस्कच्या टोपीतील लहान शूंसाठी मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात, लिव्हर हलकासा ओढून आणि त्याचे बटण दाबून धरून, थोडे अंतर गाडी चालवावी लागते. किती अंतर आणि किती वेगात, ते पुस्तिकेत पाहावे. पहिल्याच फेरीनंतर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन उष्णता तपासावी. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक गरम असेल तर त्या बाजूचा ब्रेक घासत आहे आणि त्याच दिवशी तो पुन्हा उघडावा. काहीशे किलोमीटर झाल्यावर खटके परत मोजावेत. ते एखाद-दुसऱ्याने वाढले असतील तर शू बसल्याची ती स्वाभाविक खूण आहे आणि तेव्हाही आधी ॲडजस्टर पाहावा, नट नव्हे.